तंजावर, स्वामीमलै, दारासुरम: मंदिरे आणि कारागिरी एका दिवसात पाहण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तमिळनाडूच्या कावेरीकाठी जाणाऱ्या मराठी प्रवाशांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. विषय दुसरीकडे सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एका दिवसात नेमके किती पाहून होते?

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर, तेथील राजवाडा, स्वामीमलैतील धातुमूर्तींची एक कार्यशाळा आणि दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर, एवढे एका दिवसात नीट पाहून होते. कुंभकोणमसह या भागात मंदिरे इतकी दाट आहेत की यादी वाढवण्याचा मोह होतो. मात्र आठ-दहा मंदिरांना धावत हात जोडण्यापेक्षा दोन मंदिरे आणि एक कार्यशाळा सावकाश पाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. येथील मूर्तिकार, विणकर आणि समया घडवणारे कारागीर शतकानुशतके मंदिरांच्या गरजेवर जगले, त्यामुळे सकाळी मंदिरात पाहिलेली वस्तू दुपारी कारागिराच्या हातात अर्धवट घडलेल्या अवस्थेत दिसली, तर दोन्ही ठिकाणे अधिक कळतात.

२. महाराष्ट्रातून कसे जावे आणि मुक्काम कुठे करावा?

सर्वांत जवळचा मोठा विमानतळ तिरुचिरापल्लीचा असून तो तंजावरपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. रेल्वेने जाणारे बहुतेक जण आधी चेन्नई गाठतात आणि तेथील एग्मोर स्थानकातून रात्रीची गाडी धरून पहाटे तंजावरला उतरतात. चेन्नई सेंट्रल आणि एग्मोर ही दोन वेगळी स्थानके आहेत, हे तिकीट काढतानाच ध्यानात ठेवावे. आदल्या रात्री तंजावरला आणि त्या दिवशीच्या रात्री कुंभकोणमला मुक्काम केल्यास उलटा प्रवास वाचतो. दोन्ही शहरांमध्ये सुमारे ४० किलोमीटरचे अंतर असून स्वामीमलै आणि दारासुरम ही दोन्ही ठिकाणे कुंभकोणमच्या अलीकडेच लागतात.

३. कोणत्या महिन्यात जावे?

जानेवारी आणि फेब्रुवारी हे उत्तम महिने होत. येथे मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा असतो, म्हणजे आपल्याकडचा पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तो पडतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांचा हिशेब नेमका इथेच चुकतो. एप्रिल-मे महिन्यांत ऊन असह्य असते आणि मंदिराच्या दगडी प्राकारात, म्हणजे तटाच्या आतल्या आवारात, अनवाणी चालावे लागत असल्याने तळपायांची परीक्षा होते. पातळ मोजे जवळ ठेवावेत.

४. मंदिरे दुपारी बंद असतात असे ऐकले. मग दिवसाचा क्रम कसा लावायचा?

तमिळनाडूतील बहुतेक मंदिरांचे गाभारे दुपारी साधारण बारा-साडेबारा ते चार या वेळात बंद असतात आणि सगळा बेत याच एका गोष्टीवर उभा राहतो. मंदिरे सकाळी आणि संध्याकाळी, कार्यशाळा मधल्या वेळेत, हे सूत्र पाळावे.

सकाळी सहा-साडेसहाला बृहदीश्वर मंदिरात पोहोचल्यास दगड थंड असतो, गर्दी नसते आणि पूर्वेचे कोवळे ऊन विमानावर, म्हणजे गाभाऱ्यावरच्या मनोऱ्यावर, पडलेले असते. नऊच्या सुमारास न्याहारी उरकून राजवाडा आणि त्यातील कलादालन पाहावे. तंजावर चित्रे किंवा वीणा घडवणाऱ्यांकडे जायचे असल्यास तेही याच टप्प्यात बसवावे. दुपारी जेवून निघाल्यास तासाभरात स्वामीमलै येते. तेथे दोन तास देऊन साडेचारच्या सुमारास दारासुरमला जावे, कारण तेथील बारीक कोरीवकाम उतरत्या उन्हात सर्वांत उठून दिसते. सणासुदीला वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्यावे.

५. बृहदीश्वर मंदिरात काय चुकवू नये?

हे मंदिर राजराज चोळ (पहिला) याने बांधविले आणि ते १०१० साली पूर्ण झाले. १९८७ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तर २००४ मध्ये गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरम येथील मंदिरे त्याच नोंदीत जोडली गेली. गाभाऱ्यावरचे विमान दोनशे फुटांहून उंच आहे. आपल्याकडे ज्याला शिखर म्हणतात, त्या संपूर्ण मनोऱ्याला येथे विमान हा शब्द आहे. गोपुर म्हणजे प्रवेशद्वारावरची वास्तू. इतर बहुतेक तमिळ मंदिरांत गोपुरे उंच आणि विमान ठेंगणे असते, येथे ते उलट आहे.

दर्शन झाल्यावर विमानाच्या जोत्याभोवती सावकाश फेरी मारावी. जोत्याच्या दगडांवर तमिळ लिपीत ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत. मंदिराला कोणी कोणते दागिने दिले, कोणती धातुमूर्ती अर्पण केली, तिची उंची किती आणि हात किती, सेवेसाठी आणून वसविलेल्या चारशे नर्तिकांना कोणत्या गल्लीत घर दिले, अशा नोंदी त्यांत आहेत. एवढा तपशीलवार जमाखर्च दगडावर लिहून ठेवणारा राजा विरळाच. धातुमूर्तींच्या या नोंदी ध्यानात ठेवून दुपारी स्वामीमलैला जावे (प्रश्न ९).

प्राकारातील सर्वच काही चोळकालीन नाही, हेही लक्षात घ्यावे. समोरचा प्रचंड नंदी आणि नाजूक कोरीवकामाचे सुब्रह्मण्य मंदिर मराठ्यांपूर्वी येथे राज्य करणाऱ्या नायकांच्या काळातील आहे, गणपतीच्या मंदिराला आजचे रूप तंजावरच्या भोसले घराण्यातील सरफोजी राजांनी (दुसरे) दिले आणि आत शिरताना लागणारे पहिले प्रवेशद्वार मराठा काळातील आहे. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या मार्गात चोळकालीन भित्तिचित्रे आहेत, पण तो मार्ग सर्वसामान्यांसाठी खुला नाही. प्रवेशाला शुल्क नाही.

६. या मंदिराची सावली जमिनीवर पडत नाही, हे खरे आहे का?

नाही. कोणत्याही स्वच्छ दिवशी सकाळी किंवा संध्याकाळी प्राकारात उभे राहिल्यास विमानाची लांबच लांब सावली डोळ्यांनी पाहता येते. माथ्यावर ऐंशी टनांचा एकसंध दगड असल्याचेही नेहमी सांगितले जाते. तो घुमट प्रत्यक्षात अनेक दगड जोडून केलेला आहे. वाटाड्याने दोन्ही गोष्टी सांगितल्यास वाद घालू नये, मात्र पुढे कोणाला सांगूही नयेत.

७. मंदिराच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे म्हणतात. तो कुठे आहे आणि वाचता येतो का?

आहे, आणि मराठी प्रवाशाने तो पाहिल्याशिवाय परतू नये. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि त्यांच्या वंशाची सत्ता तेथे १८५५ पर्यंत या ना त्या स्वरूपात टिकली. त्यांपैकी सरफोजी (दुसरे) यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास या मंदिराच्या प्राकारभिंतीवर कोरवून घेतला. भारतातील सर्वांत मोठ्या शिलालेखांमध्ये त्याची गणना होते.

विमानाच्या मागच्या बाजूला, म्हणजे नैऋत्य कोपऱ्याकडे चालत गेल्यास ओवऱ्यांच्या भिंतीवर तो दिसतो. लिपी देवनागरी असल्याने अक्षरे ओळखता येतात. भाषा मात्र दरबारी वळणाची आणि विरामचिन्हांविना सलग लिहिलेली असल्यामुळे पहिल्या वाचनात अर्थ लागेलच असे नाही. भिंत मोठी आणि अक्षर बारीक आहे, म्हणून एखादा ओळखीच्या नावांचा भाग शोधून तेवढाच वाचावा. वाटाडे तमिळ लेखांकडे नेतात, येथे बहुधा नेत नाहीत. त्यामुळे स्वतःच विचारून जावे. शिलालेखावर हात फिरवू नये, कागद ठेवून ठसाही घेऊ नये.

८. राजवाडा आणि सरस्वती महाल पाहण्यासारखे आहेत का?

वास्तू म्हणून राजवाडा थोडी निराशा करतो. नायकांनी बांधलेल्या आणि मराठ्यांनी वाढविलेल्या या वाड्याचे काही भाग पडके आहेत, काहींत कार्यालये आहेत आणि दरबार हॉलची रंगीत कमानकामाची शोभा तेवढी लक्षात राहते. परंतु आतल्या कलादालनातील चोळकालीन धातुमूर्तींसाठी किमान एक तास राखून ठेवावा. मंदिरात उत्सवमूर्ती वस्त्रे, दागिने आणि हारांनी झाकलेली असते. येथे तीच परंपरा उघड्या धातूत, चारी बाजूंनी पाहता येते.

सरस्वती महाल ग्रंथालय नायकांच्या काळापासूनचे असले तरी सरफोजी राजांनी ते नावारूपाला आणले. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांबरोबर तेथे मोडी कागदपत्रांचा मोठा साठा जमला. प्रवाशांना हस्तलिखितांचा संग्रह हाताळता येत नाही. लागून असलेल्या छोट्या संग्रहालयात निवडक वस्तू मांडलेल्या असतात.

९. स्वामीमलैत मूर्ती कशी घडवतात? आम्हाला काय दिसेल?

स्वामीमलै हे मुरुगनच्या (कार्तिकेयाच्या) सहा प्रमुख स्थानांपैकी एक. मंदिरासाठी दागदागिन्यांनी सजणारी उत्सवमूर्ती येथे आजही मेण घालवून ओतण्याच्या पद्धतीने, बहुतांशी भरीव घडवतात. घडवणाऱ्याला स्थपती म्हणतात.

सुरुवात मापाने होते. मूर्तीच्या उंचीएवढी झावळीच्या पात्याची पट्टी कापून ती ठरावीक भागांत दुमडतात आणि त्या घड्यांवरून चेहरा, छाती, कंबर, गुडघे यांची प्रमाणे घेतात. म्हणून कोणत्याही उंचीच्या मूर्तीची प्रमाणे तीच राहतात, फूटपट्टीची गरज पडत नाही. त्यानंतर मधमाशांच्या मेणात राळ आणि शेंगदाण्याचे तेल मिसळून त्याची अख्खी मूर्ती घडवतात. हात, पाय, प्रभावळ वेगवेगळी करून गरम सळईने जोडतात. पाहणाऱ्याच्या दृष्टीने हा सर्वांत रंजक टप्पा होय, कारण मेण मऊ असेपर्यंत चूक सुधारता येते आणि स्थपतीचा हात बिनधास्त चालतो.

मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाची अतिशय बारीक माती लेपतात. ही माती मेणावरची रेघन्‌रेघ उचलते आणि या गावाने नदीकाठ न सोडण्यामागे तिचा मोठा वाटा आहे. त्यावर शेतातल्या मातीचा आणि वाळूचा जाड थर देतात, मोठ्या साच्याला लोखंडी सळ्या व तारांनी बांधतात आणि तो सावलीत वाळवतात. पुढे गोवऱ्यांच्या धगीवर साचा तापवला की मेण भोकातून वाहून जाते आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. साचा गरम असतानाच त्यात वितळलेला धातू ओततात. धातू पूर्ण निवल्यावर साचा फोडतात. साचा एकदाच वापरता येतो, त्यामुळे अशी प्रत्येक मूर्ती एकमेव असते.

साच्यातून निघालेली मूर्ती काळपट आणि ओबडधोबड दिसते. छिन्नी-हातोड्यांनी तिचे दागिने, वस्त्रांच्या चुण्या, बोटे उलगडण्यात आठवडे जातात, मोठ्या मूर्तीला महिनेही लागतात. पूजेच्या मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी उघडतात.

एका भेटीत हे सर्व टप्पे क्रमाने दिसत नाहीत. ओतकाम रोज नसते आणि ते पहाटे किंवा ठरवलेल्या मुहूर्तावर असू शकते. मेणकाम आणि छिन्नीकाम मात्र बहुतेक दिवशी चालू असते. गावात अनेक कार्यशाळा असून राज्य सरकारच्या पूंपुहार या हस्तकला महामंडळाचे उत्पादन केंद्रही येथे आहे. एक कार्यशाळा निवडून तिथेच थांबावे. काम चालू असताना कारागिराला विचारणा करायची तर हात थांबलेला असताना करावी आणि ओतकामाच्या वेळी मुलांना लांब ठेवावे.

१०. पंचधातूच्या मूर्तीत खरोखर सोने असते का?

मुख्य धातू तांबे असतो, त्यात पितळ आणि शिसे मिसळतात. सोने आणि चांदी नाममात्र असते. मंदिरासाठी किंवा घरच्या देव्हाऱ्यासाठी मूर्ती करून घेणारे यजमान स्वतःचा सोन्याचा लहानसा तुकडा ओतताना मुशीत टाकतात. दुकानातील तयार मूर्तीत सोने आहे असे कोणी सांगून त्यावर किंमत वाढवत असेल, तर ते मान्य करू नये. किंमत वजनावर आणि त्याहून अधिक छिन्नीकामावर ठरते. बोटांच्या पेरांत, कानामागे आणि पाठीकडे पाहावे. घाईचे काम तिथे उघडे पडते. मेणाची प्रत साच्यातून काढून केलेल्या लहान मूर्तीही मिळतात. त्यांत वाईट काही नाही, फक्त हाताने घडवलेल्या मूर्तीचा भाव त्यांना देऊ नये.

११. तंजावर चित्र अस्सल आहे हे कसे ओळखावे?

पारंपरिक पद्धतीत लाकडी फळीवर, पूर्वी फणसाच्या, कापड चिकटवून खडूच्या भुकटीचा गुळगुळीत लेप देतात. दागिने, कमानी, सिंहासन यांचे भाग लगद्याने उंच उठवून त्यांत काचेचे खडे बसवतात, मग सोन्याचा वर्ख लावतात आणि शेवटी रंग भरतात. आज फळीऐवजी प्लायवूड सर्रास वापरतात; तेवढ्यावरून चित्र खोटे ठरत नाही.

फसवणूक दोन ठिकाणी होते. एक, सोन्याच्या जागी सोनेरी कृत्रिम वर्ख लावतात आणि तो काही वर्षांत काळवंडतो. दोन, हाताने रेखाटण्याऐवजी छापील चित्रावर रंग चढवलेला असतो. म्हणून वर्ख किती कॅरटचा आहे ते पावतीवर लिहून घ्यावे, चेहरा जवळून पाहावा आणि शक्य असल्यास जिथे अर्धवट चित्रे दिसतात अशाच ठिकाणी खरेदी करावी. ही शैली मराठा राजांच्या आश्रयाखाली बहरली. लोण्याचा गोळा धरलेला गुबगुबीत बाळकृष्ण आणि रामपट्टाभिषेक हे तिचे नेहमीचे विषय.

१२. भौगोलिक मानांकन असलेली वस्तू म्हणजे अस्सलच ना?

मानांकन त्या प्रदेशाला आणि तिथल्या पद्धतीला मिळते. दुकानातील प्रत्येक वस्तू तपासून दिलेले ते प्रमाणपत्र नव्हे. स्वामीमलैच्या मूर्ती, तंजावर चित्रे, तंजावरची बाहुली, तंजावरची वीणा, नाच्चियारकोविलच्या समया आणि तिरुभुवनमचे रेशीम यांना मानांकन आहे, आणि याच नावांनी दुसरीकडे केलेला माल याच बाजारात विकला जातो.

१३. बाहुली, वीणा, समई, रेशमी साडी: वेळ थोडा असल्यास काय निवडावे?

मुलांसाठी आणि गौरी-गणपतीच्या आराशीसाठी मान डोलावणारी तंजावरची बाहुली घ्यावी. ती हलकी असते. तिचाच बसका प्रकार बुडाशी वजन असल्यामुळे पाडला तरी उभा राहतो.

वीणा खरेदी करण्याचा विचार नसला तरी ती घडताना पाहावी. फणसाच्या लाकडातून भोपळा आणि दांडी कोरतात. सगळी वीणा एकाच ओंडक्यातून काढलेली असल्यास तिला एकांड वीणा म्हणतात आणि तिचा मान वेगळा. दांडीवर मेणाच्या लेपात २४ पडदे बसवतात.

नाच्चियारकोविल कुंभकोणमच्या पलीकडे आणि तिरुभुवनम मयिलाडुतुरैच्या वाटेवर असल्याने ही दोन्ही ठिकाणे त्याच दिवशी बसत नाहीत. ज्यांना समई किंवा साडी घ्यायचीच आहे, त्यांनी कुंभकोणमला मुक्काम करून दुसऱ्या दिवशीची सकाळ द्यावी. तिरुभुवनममध्ये सौराष्ट्र समाजाचे विणकर पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि विणकरांच्या सहकारी संस्थेच्या दुकानात भाव ठरलेले असतात.

१४. बृहदीश्वर पाहिल्यावर दारासुरम कशासाठी? त्याऐवजी गंगैकोंडचोळपुरम करावे का?

दारासुरमचे मंदिर राजराज चोळ (दुसरा) याने बाराव्या शतकात बांधले. तंजावरला मान वर करून पाहावे लागते, येथे वाकून. पुढचा मंडप घोडे आणि चाके लावलेल्या रथाच्या रूपात आहे, खांबांवर तळहाताएवढ्या चौकटींत नर्तक, मल्ल, डोंबारी कोरले आहेत आणि जोत्यावर शैव संतांच्या, म्हणजे नायन्मारांच्या, कथांच्या छोट्या शिल्पपट्ट्या आहेत. एकाच डोक्यात हत्ती आणि बैल दोन्ही दिसतील असे शिल्पही येथे आहे. अर्धा भाग हाताने झाकून पाहावे.

गंगैकोंडचोळपुरम हे राजेंद्र चोळाचे मंदिर कुंभकोणमपासून आणखी सुमारे ३५ किलोमीटर दूर आहे. ते घ्यायचे असेल तर स्वामीमलै सोडावे लागते. वास्तुकलेचे अभ्यासक तसे करतील. ज्यांना कारागिरी पाहायची आहे त्यांनी करू नये.

१५. पेहराव, छायाचित्रे आणि इतर धर्मीय सोबत्यांविषयी काय नियम आहेत?

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे पुरेसे आहेत; पुरुषांना धोतर सक्तीचे नाही. प्राकारात छायाचित्रे घेता येतात, गाभाऱ्यात नाही, आणि ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. तमिळनाडूतील अनेक मंदिरांत ध्वजस्तंभाच्या पुढे हिंदूंखेरीज इतरांना प्रवेश नसल्याची पाटी असते. प्राकार, शिल्पे आणि शिलालेख सर्वांना पाहता येतात, म्हणून अशा सोबत्यांचा दिवस वाया जात नाही.

१६. आई-वडिलांना घेऊन जमेल का?

जमेल. बृहदीश्वर आणि दारासुरम या दोन्ही ठिकाणी चढण नाही. गाभाऱ्याकडे जाणाऱ्या पायऱ्या तेवढ्या आहेत. स्वामीमलैचे मुरुगन मंदिर मात्र उंचवट्यावर असून तमिळ संवत्सरचक्रातील साठ वर्षांच्या संख्येने तेथे ६० पायऱ्या मोजतात. गुडघे दुखत असतील तर ते मंदिर सोडून थेट कार्यशाळेत बसावे. उन्हाची काळजी प्रश्न ३ मध्ये आली आहे.

१७. तेथे मराठी बोलणारे भेटतात का? जेवणाचे काय?

तंजावर परिसरात मराठा घराण्यांचे वंशज आणि रायर म्हणून ओळखली जाणारी देशस्थ कुटुंबे आहेत. त्यांच्या घरांत तमिळच्या सहवासाने बदललेली मराठी बोलली जाते. रस्त्यावर ती कानी पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. व्यवहार तमिळमध्ये आणि थोडाफार इंग्रजीत चालतो.

दुपारी केळीच्या पानावरचे साधे जेवण कुठेही मिळते आणि कुंभकोणमची पितळी पेला-वाटीतली डिग्री कॉफी चुकवू नये. सांबार हे नाव संभाजी महाराजांवरून पडले, ही कथा हमखास ऐकवली जाते. कथा गोड आहे, पण तिला समकालीन कागदाचा आधार नाही.

१८. आम्ही परदेशात राहतो. धातूची मूर्ती विमानाने नेता येईल का?

नवी मूर्ती नेता येते. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती पुरावस्तू ठरतात आणि १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. अडचण अशी की स्वामीमलैचे स्थपती कित्येकदा नव्या मूर्तीला मुद्दाम जुनी झाक देतात, आणि चोळ घाटाची हिरवट काळी मूर्ती सामानात दिसली की सीमाशुल्क अधिकारी ती अडवू शकतात. तमिळनाडूतून मूर्तीचोरीची प्रकरणे घडलेली असल्याने ही सावधगिरी समजण्यासारखी आहे.

त्यामुळे झळाळीचा, उघड नवा दिसणारा धातू घ्यावा. घडवणाऱ्याचे नाव, पत्ता, वजन आणि तारीख असलेली पक्की पावती मागावी आणि मूर्तीसह छायाचित्र काढून ठेवावे. मूर्ती मोठी किंवा जुन्या झाकेची असल्यास ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधीच घ्यावे लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम परतीच्या आदल्या दिवसावर ठेवू नये. नियमित निर्यात करणाऱ्या कार्यशाळा ही कागदपत्रे स्वतः करून मूर्ती मागाहून पाठवतात. एखाद्याने गल्लीत बाजूला नेऊन ‘जुनी आहे, देवळातली आहे’ असे सांगत मूर्ती दाखवल्यास ती खोटी असली तरी फसवणूक होते आणि खरी असली तर गुन्हा होतो. दोन्ही वेळी तेथून निघून जावे.